मेथडॉलॉजी बदलली, आता माझ्या प्रकल्पाचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विकासकाचा, म्हणजे कार्बन क्रेडिटसाठी प्रकल्प उभा करणाऱ्याचा, सुधारित चुलींचा प्रकल्प जुन्या मेथडॉलॉजीखाली, म्हणजे किती उत्सर्जन टळलं हे काढण्याच्या मंजूर पद्धतीखाली, नोंदवलेला आहे. नोंदणीनंतर ती मेथडॉलॉजी दोनदा सुधारली गेली आणि आता तिच्या जागी वेगळीच येणार अशी चर्चा आहे. दर वेळी हिशोबात क्रेडिट (एक क्रेडिट म्हणजे टळलेला एक टन कार्बन डायऑक्साइड) कमी होतात. त्यांचं म्हणणं, डाव अर्ध्यावर असताना नियम बदलणं कुठल्या न्यायात बसतं? हे बदल मंजूर कोण करतं, त्यातले कोणते आपल्याला लागू होतात, आणि पुढचा बदल येण्याआधी काय करून ठेवावं?

मी या क्षेत्रात आधी विकासकाच्या बाजूने काम केलं, नंतर पडताळणी करणाऱ्या संस्थेत, आणि गेली काही वर्षं मेथडॉलॉजींच्या मसुद्यांचं परीक्षण करतो. म्हणजे हा राग मी स्वतः अनुभवलाय, दुसऱ्यांचा झेललाय आणि आता कधी कधी तो माझ्या शेऱ्यांमुळे येतो. तरीही मला वाटतं की प्रश्नाची सुरुवात जिथून झालीय तिथेच थोडी गफलत आहे. मेथडॉलॉजी हा करार नाही. तो एक अंदाज आहे, आणि अंदाजाला वय असतं.

प्रत्येक मेथडॉलॉजीच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: प्रकल्प नसता तर काय झालं असतं? चुलीत जळलेलं लाकूड तोलता येतं, न जळलेलं तोलता येत नाही. उभं जंगल मोजता येतं, पण प्रकल्प नसता तर त्यातलं किती तुटलं असतं हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. त्यामुळे बेसलाइन नावाची जी गोष्ट आपण कागदावर मांडतो ती मोजलेली नसते, मानलेली असते. ती मानताना हाताशी जी माहिती होती, वीज ज्या इंधनावर बनत होती, जो कायदा लागू होता, जे तंत्रज्ञान महाग होतं, ते सगळं पाच-सात वर्षांत बदलतं. क्रेडिट विकत घेणारा मात्र त्या एका क्रेडिटच्या भरवशावर स्वतःचा एक टन कार्बन डायऑक्साइड खरोखर हवेत सोडतो. त्याचा टन खरा आणि आपला टन कालबाह्य अंदाजावरचा, असं झालं तर हवेत भरच पडते. मेथडॉलॉजी सुधारावी लागते ती एवढ्यासाठीच.

तुमच्याच चुलींचं उदाहरण घेऊ. सीडीएम, म्हणजे क्योटो करारातून आलेली जुनी जागतिक क्रेडिट व्यवस्था, तिच्यातल्या एएमएस टू-जी या लहान प्रकल्पांसाठीच्या पद्धतीचं सूत्र सोपं आहे: वाचलेलं लाकूड, गुणिले त्यातला पुन्हा न उगवणारा वाटा, गुणिले लाकडाचं उष्मांक मूल्य, गुणिले उत्सर्जन घटक, म्हणजे तेवढ्या ऊर्जेमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड. समजा, एका घरात वर्षाला दीड टन लाकूड वाचतं. उष्मांक मूल्य टनामागे ०.०१५६ टेराज्यूल. उत्सर्जन घटक, पद्धतीच्या पूर्वीच्या काही आवृत्त्यांमध्ये होता तसा, टेराज्यूलमागे ८१.६ टन. आता पुन्हा न उगवणारा वाटा, ज्याला आपण सगळे एफएनआरबी म्हणतो, तो ८५ टक्के धरा. उत्तर येतं घरामागे वर्षाला १.६२ टन. तोच वाटा ४० टक्के धरला की उत्तर ०.७६ टन. चूल तीच, घर तेच, स्वयंपाक तोच, वाचलेलं लाकूडही तेवढंच. दहा हजार घरांच्या प्रकल्पात हा फरक वर्षाला साडेआठ हजार क्रेडिटच्या पुढे जातो, आणि तो सगळा एका अशा आकड्यातून येतो जो तुमच्या कोणत्याही कर्मचाऱ्याने शेतात किंवा स्वयंपाकघरात मोजलेला नाही.

हा आकडा पूर्वी बहुतेक प्रकल्पांनी देशपातळीवरच्या ठरावीक मूल्यांवरून उचलला. अनेक देशांसाठी ती मूल्यं ८० टक्क्यांच्या वर होती. नंतर प्रत्यक्ष वनवाढ, लोकवस्ती आणि लाकूड कुठून आणलं जातं हे नकाशावर मांडणारी प्रारूपं आली आणि बऱ्याच ठिकाणी उत्तर खूपच खाली आलं. मग नियम कुणी बदलला? कार्यालयात बसलेल्या कुणा अधिकाऱ्याने नाही. लाकूड कसं उगवतं आणि कुठून तोडलं जातं याबद्दलची आपली समज सुधारली. ही समज येऊनही जुनाच आकडा वापरत राहणं, हे मात्र जाणूनबुजून केलेलं असतं.

पण प्रत्येक सुधारणा क्रेडिट कमीच करते हेही खरं नाही. मिथेनची तापमानवाढीची क्षमता क्योटो कराराच्या पहिल्या कालखंडात कार्बन डायऑक्साइडच्या २१ पट धरत होते. २०१३ पासून ती २५ झाली. आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पाचव्या अहवालातलं मूल्य २८ आहे आणि व्हेरा या स्वतंत्र क्रेडिट कार्यक्रमाच्या नियमांत २०२१ पासूनच्या क्रेडिटना तेच लागतं. कचराभूमीचा गॅस जाळणाऱ्या प्रकल्पाला काहीही न करता एकाच टन मिथेनमागे जास्त क्रेडिट मिळू लागली. तेव्हा डाव अर्ध्यावर असल्याची तक्रार माझ्याकडे एकाही विकासकाने केली नाही.

सुधारणेचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र एएम०००१ या पद्धतीचं आहे. क्रमांकावरूनच कळतं की सीडीएमची ही पहिली मोठी पद्धत. एचसीएफसी-२२ हे शीतकरणासाठी आणि प्लास्टिकच्या कच्च्या मालासाठी वापरलं जाणारं रसायन बनवताना एचएफसी-२३ हा वायू उपउत्पादन म्हणून बाहेर पडतो. त्याची तापमानवाढीची क्षमता त्या काळच्या हिशोबाने ११,७०० पट. तो जाळून टाकायला खर्च अगदी मामुली, आणि जाळलेल्या एका टनामागे ११,७०० क्रेडिट. पद्धत लिहिणाऱ्यांना धोका दिसत होता, म्हणून त्यांनी दोन कुंपणं घातली होती. जुन्या, आधीपासून चालू असलेल्या कारखान्यांनाच परवानगी, आणि एचसीएफसी-२२ च्या उत्पादनामागे एचएफसी-२३ चं प्रमाण जास्तीत जास्त ३ टक्के धरायचं.

कागदावर ते पुरेसं वाटत होतं. काही वर्षांची मोजणी हाती आल्यावर वेगळंच दिसलं. क्रेडिट मिळत असताना काही कारखान्यांत उपउत्पादनाचं प्रमाण बरोब्बर मर्यादेला टेकून होतं. क्रेडिटचा काळ संपला किंवा वर्षाचा कोटा भरला की ते खाली येत होतं. म्हणजे कारखाना चालवण्याची पद्धतच क्रेडिटच्या सूत्राने ठरवली जात होती. २०१० मध्ये सीडीएम वॉच या संस्थेने ही आकडेवारी मांडून पद्धत सुधारण्याची रीतसर विनंती केली. सीडीएमच्या कार्यकारी मंडळाने पद्धत स्थगित ठेवली, मेथडॉलॉजी पॅनेलने तपासणी केली, आणि २०११ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत ती मर्यादा ३ वरून १ टक्क्यावर आणली गेली. युरोपीय संघाने त्याही पुढे जाऊन २०१३ पासून आपल्या उत्सर्जन बाजारात या प्रकल्पांची क्रेडिट वापरायला बंदी केली.

मी नव्या लोकांना हे प्रकरण नेहमी सांगतो, कारण यात पद्धत लिहिणाऱ्यांची चूक फारशी नव्हती. ३ टक्के हा आकडा जुन्या कारखान्यांच्या नोंदींवरून आलेला होता. चूक ही की त्या नोंदी क्रेडिट अस्तित्वात नसतानाच्या होत्या. पद्धत मंजूर झाली त्या दिवशी ती जगाचं वर्णन करत होती, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच जगाला वळण देऊ लागली. सूत्रातल्या कुठल्याही आकड्याला पैसा चिकटला की तो आकडा जागचा हलतो. म्हणून मसुदा वाचताना माझा पहिला शेरा हा असतो: हा आकडा वाढवल्याने कुणाचा फायदा होतो आणि तो वाढवणं कुणाच्या हातात आहे? दोन्हींचं उत्तर एकच व्यक्ती असेल तर तिथे आज ना उद्या सुधारणा येणार हे धरून चालावं.

आता मंजुरी कोण देतं याकडे येतो. सीडीएममध्ये क्रम असा होता: विकासक किंवा सल्लागार नवी पद्धत सुचवायचा, सोबत त्या पद्धतीवर बेतलेला एका खऱ्या प्रकल्पाचा आराखडा द्यावा लागायचा. बाहेरचे तज्ज्ञ वाचायचे, लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या जायच्या, मेथडॉलॉजी पॅनेल शिफारस करायचं आणि कार्यकारी मंडळ अंतिम निर्णय घ्यायचं. एकाच विषयावर पाच जणांनी पाच पद्धती सुचवल्या की त्यांचं एकत्रीकरण व्हायचं. ग्रिडला वीज पुरवणाऱ्या पवन, सौर आणि जल प्रकल्पांची एसीएम०००२ ही त्यातलीच. तिच्या आवृत्त्यांनी वीसचा आकडा केव्हाच ओलांडला. पॅरिस कराराच्या कलम ६.४ खाली, म्हणजे सीडीएमची जागा घेणाऱ्या नव्या व्यवस्थेत, आता पर्यवेक्षी मंडळ आणि त्याचं मेथडॉलॉजी तज्ज्ञ पॅनेल हे काम करतं. व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड अशा स्वतंत्र कार्यक्रमांत कर्मचाऱ्यांची छाननी, जाहीर हरकतींचा काळ आणि कार्यक्रमाची स्वतःची मंजुरी असे टप्पे असतात, आणि व्हेरामध्ये स्वतंत्र पडताळणी संस्थेचं मूल्यमापनही लागतं.

या सगळ्यात एक गोष्ट फार कमी बोलली जाते. बहुतेक पद्धतींचा पहिला मसुदा ज्याला त्यातून क्रेडिट मिळवायची असतात तोच लिहितो. मसुदा बनवायला पैसा आणि वेळ लागतो, तो दुसरं कुणी देत नाही. मी स्वतः असे मसुदे लिहिलेत. त्यात लबाडी नसते, पण आपल्या प्रकल्पाला सोयीचा पर्याय हाच नैसर्गिक पर्याय वाटायला लागतो. तुलनेसाठीचं संदर्भक्षेत्र निवडताना हात आपोआप जिथे जंगलतोड जास्त तिकडे वळतो. जंगलतोड टाळण्याच्या प्रकल्पांत नेमकं हेच घडलं. व्हेराकडे अशा अनेक पद्धती होत्या आणि प्रत्येकीत बेसलाइन ठरवण्याचं बरंच स्वातंत्र्य विकासकाकडे होतं. २०२० नंतरच्या अनेक अभ्यासांनी दाखवलं की कित्येक प्रकल्पांच्या बेसलाइनमधली जंगलतोड, त्यांच्यासारख्याच पण प्रकल्प नसलेल्या भागांत प्रत्यक्ष झालेल्या जंगलतोडीपेक्षा खूप जास्त धरलेली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या व्हीएम००४८ या नव्या पद्धतीने जुन्या पद्धती एकत्र केल्या आणि जंगलतोडीचा आकडा विकासकाच्या हातून काढून घेतला. आता तो पूर्ण प्रदेशासाठी एकदाच ठरतो आणि जोखमीच्या नकाशाप्रमाणे प्रकल्पांना वाटून दिला जातो. बेसलाइनची फेरतपासणीही पूर्वी दहा वर्षांनी व्हायची, ती सहा वर्षांवर आली. माझ्या मते गेल्या दशकातली ही सगळ्यात महत्त्वाची सुधारणा आहे. सूत्र फारसं बदललं नाही, पेन्सिल कुणाच्या हातात हे बदललं.

तुम्हाला काय लागू होतं, हे आता नीट समजून घ्या, कारण इथे लोक विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त राहतात.

इश्यू झालेली, म्हणजे प्रत्यक्ष दिली गेलेली, क्रेडिट पद्धत सुधारली म्हणून परत घेतली जात नाहीत. नोंदणी झालेला प्रकल्प त्याच्या चालू क्रेडिटिंग कालावधीत, म्हणजे क्रेडिट मिळण्याच्या ठरलेल्या मुदतीत, साधारणपणे ज्या आवृत्तीखाली नोंदला गेला त्याच आवृत्तीवर चालतो. नोंदणीच्या वाटेवर असलेल्या प्रकल्पांना मुदत मिळते. सीडीएममध्ये जुनी आवृत्ती सुधारणेनंतर आठ महिने चालायची. या आठ महिन्यांत जुन्या आवृत्तीखाली घुसण्यासाठी जी झुंबड उडायची ती मी पडताळणीच्या बाजूने पाहिली आहे. मुदत गरजेची आहे, कारण आराखड्याची तपासणीच महिनोन्‌महिने चालते. पण सुधारणा एखादी गंभीर चूक सापडल्यामुळे होत असेल, तर त्या मुदतीत नोंदले जाणारे प्रकल्प ती चूक आणखी काही वर्षं सोबत घेऊन जातात. अशा वेळी एएम०००१ सारखी थेट स्थगिती हाच प्रामाणिक मार्ग.

खरा क्षण येतो तो नूतनीकरणाचा. सीडीएममध्ये सात वर्षांचा कालावधी दोनदा वाढवता यायचा किंवा एकदाच दहा वर्षांचा घ्यायचा. कलम ६.४ खाली पाच वर्षांचा कालावधी दोनदा वाढवता येतो किंवा दहा वर्षांचा एकच. नूतनीकरणाच्या वेळी तुम्हाला त्या दिवशी लागू असलेली ताजी आवृत्ती घ्यावीच लागते आणि बेसलाइन अजून खरी आहे का हे दाखवावं लागतं. सीडीएममध्ये अतिरिक्तता, म्हणजे क्रेडिटच्या पैशाशिवाय प्रकल्प झालाच नसता हे, पुन्हा सिद्ध करावी लागत नव्हती, पण मधल्या काळात एखादा कायदा आला आणि तुमचं काम सक्तीचं झालं, तर बेसलाइनच कोसळते. वीज प्रकल्पांच्या उत्सर्जन घटकात तर हे बदल आधीच लिहून ठेवलेले आहेत. पवन-सौर सोडून इतर प्रकल्पांना पहिल्या कालावधीत चालू वीजकेंद्रं आणि नव्याने उभी राहणारी केंद्रं यांचं वजन निम्मं-निम्मं धरतात. दुसऱ्या कालावधीपासून चालू केंद्रांचं वजन २५ टक्के आणि नव्यांचं ७५ टक्के होतं. म्हणजे जग पुढे जाणार हे पद्धतीनेच गृहीत धरलंय. ज्या पद्धतीत अशी सोय आहे तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, ती तुम्हाला सात वर्षं आधी सांगते आहे.

सीडीएममधून कलम ६.४ कडे येणाऱ्या प्रकल्पांना जुनी पद्धत चालू कालावधी संपेपर्यंत किंवा ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत, यातली जी तारीख आधी येईल तोवरच वापरता येणार असं ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्येच ठरलं होतं. तरी २०२५ उजाडल्यावर मला विचारणारे लोक भेटले की हे अचानक कसं आलं.

बदलांचे प्रकारही वेगवेगळे असतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. स्पष्टीकरण म्हणजे वाक्याचा अर्थ सांगणं. ते सहसा सगळ्यांना लागू होतं, कारण अर्थ आधीपासून तोच होता असं मानलं जातं. विचलन म्हणजे तुमच्या एका प्रकल्पापुरती सूट. व्हेरामध्ये ती फक्त मोजमापाच्या बाबतीत मिळते आणि त्यामुळे हिशोब सैल होता कामा नये. सुधारणा म्हणजे खरोखरची नवी आवृत्ती. आणि शेवटचा प्रकार म्हणजे पद्धतच बंद करणं. भातशेतीतल्या मिथेनची सीडीएमची पद्धत व्हेराने २०२३ मध्ये बंद केली. तिची जागा घेणारी व्हीएम००५१ आली २०२५ मध्ये. मधल्या काळात नवीन प्रकल्पांना ना जुनी वाट होती ना नवी. सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे मान्य केलं पाहिजे की अशी पोकळी शेतकऱ्यांच्या पैशाने भरली जाते. जुनं बंद करताना नवं केव्हा येणार याची तारीख देणं कार्यक्रमांना जमायला हवं.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट इथे सांगतो. कचराभूमीच्या गॅसचा एक प्रकल्प मी विकासकाच्या बाजूने सांभाळत होतो. बंदिस्त फ्लेअरमध्ये, म्हणजे गॅस जाळण्याच्या बंद धुरांड्यात, गॅस जाळायचा, येणारा गॅस मीटरने मोजायचा आणि धुराचं तापमान थर्मोकपल या तापमापकाने. फ्लेअरसंबंधीच्या त्या वेळच्या नियमावलीनुसार हिशोब तासाचा होता: तासाभरात तापमान २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ ५०० अंशांखाली राहिलं तर त्या तासाची कार्यक्षमता शून्य, नाहीतर, निर्मात्याच्या मर्यादाही पाळल्या असतील तर, ठरलेले ९० टक्के. आमचा डेटा लॉगर दर मिनिटाला नोंद घ्यायचा, पण जागा वाचवण्यासाठी पुरवठादाराने तो असा लावला होता की महिन्याभराने मिनिटांच्या नोंदी पुसून तासाचे सारांशच ठेवायचे. नियमाला तेवढंच लागत होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. नियमावली सुधारली आणि हिशोब मिनिटावर आला: ज्या मिनिटाला ज्योत आहे आणि तापमान, प्रवाह निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत आहेत, त्याच मिनिटाला ९० टक्के. नूतनीकरणानंतरही लॉगर जुन्याच सेटिंगवर चालत राहिला. पडताळणीला आलेल्या मुलीने फाइल उघडली, खाली स्क्रोल केलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, मिनिटांचा तक्ता कुठे आहे? चार महिन्यांची क्रेडिट गेली. गॅस जळला होता, ज्योत होती, आम्ही रोज पाहत होतो. पण दाखवायला काही नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. पद्धत जेवढं मागते त्यापेक्षा एक पायरी खालचा कच्चा डेटा जपून ठेवायचा. तासाचा मागितला तर मिनिटाचा ठेवा. सरासरी मागितली तर प्रत्येक घराची नोंद ठेवा. साठवणूक स्वस्त असते, गेलेला काळ पुन्हा मोजता येत नाही.

कायद्याने टिकणं आणि बाजारात टिकणं हे वेगळं आहे, हेही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये ऐच्छिक कार्बन बाजारातला दर्जा तपासणाऱ्या इंटिग्रिटी कौन्सिलने नवीकरणीय विजेच्या आठ जुन्या पद्धतींना आपलं दर्जाचिन्ह नाकारलं, कारण त्यांतली अतिरिक्ततेची कसोटी पुरेशी कडक नव्हती. त्याखाली न वापरलेली सुमारे २३.६ कोटी क्रेडिट होती, म्हणजे बाजाराचा जवळपास तिसरा हिस्सा. त्यातलं एकही क्रेडिट रद्द झालं नाही, पण घेणाऱ्यांना भेद करायला कारण मिळालं. चुलींच्या बाबतीतही त्याच कौन्सिलने नंतर नव्या, जास्त कडक पद्धतींना मान्यता दिली आणि एएमएस टू-जी बाजूला ठेवली. तेव्हा चालू कालावधी संपेपर्यंत जुन्या आवृत्तीवर बसून राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण त्या क्रेडिटना गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

बेसलाइन शिळी होण्यावर एक वेगळा तोडगा अलीकडच्या पद्धतींत दिसतो. व्हेराची वृक्षलागवडीची व्हीएम००४७ किंवा वनव्यवस्थापनाची व्हीएम००४५ बेसलाइन आधी ठरवून गोठवत नाही. प्रकल्पाच्या तुकड्यांशी जुळणारे बाहेरचे तुकडे निवडतात आणि दोन्हीकडे काय घडतंय ते बरोबरीने मोजत जातात. बाहेर आपोआप झाडं वाढली तर तुमची क्रेडिट तेवढी कमी होतात. यात बेसलाइन शिळी होण्याचा प्रश्न बराचसा संपतो, आणि दर काही वर्षांनी कागद सुधारण्याची भांडणंही. अडचण अशी की किती क्रेडिट मिळतील हे आधी सांगता येत नाही, आणि गुंतवणूकदाराला नेमकं तेच हवं असतं. मला ही अडचण खरी वाटते, पण अनिश्चितता पूर्वीही होतीच. आधी ती हवेच्या माथी मारली जायची, आता ती करारात लिहावी लागते.

हरकती-सूचनांच्या काळात काही पाठवणार असाल तर थोडं सांगतो. असे शेकडो अभिप्राय मी वाचले आहेत. निम्म्यांचा सूर असतो की हा बदल आम्हाला परवडणार नाही. ते खरं असतं, पण त्यावर परीक्षकाला काहीच करता येत नाही, कारण परवडत नाही म्हणून टन मोठा होत नाही. उपयोगी पडतो तो असा अभिप्राय: अमुक कलमातला अमुक घटक, त्याऐवजी हे वाक्य, आणि त्याला आधार म्हणून आमच्या इतक्या घरांची ही मोजणी. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात नमुना सर्वेक्षण पेरणीच्या हंगामात घ्यायची सक्ती होती. एका छोट्या संस्थेने दोन पानांत दाखवून दिलं की त्या हंगामात घरं दिवसभर बंद असतात आणि उरलेली घरं नेमकी नेहमीच्या वापराची नसतात. सोबत तारीखवार भेटींचा तक्ता होता. ते कलम बदललं.

आता तुमच्या प्रकल्पाकडे परत येतो. नूतनीकरणाची वाट न पाहता आजच्या प्रकल्पावर नवी पद्धत लावून एक खासगी हिशोब करून बघा. एफएनआरबी नव्या मूल्यावर घ्या. लाकडाचा वापर प्रयोगशाळेतल्या पाणी उकळण्याच्या चाचणीवरून काढला असेल तर निदान काही घरांत किचन परफॉर्मन्स टेस्ट करा: घरातलं सरपण रोज सकाळी तोला, सलग काही दिवस, किती माणसं जेवली तेही लिहा. नवी चूल आल्यावर जुनी चूल खरंच थंड पडली का, की दोन्ही पेटतात, हे विचारण्याऐवजी राखेला हात लावून बघा. विचारलं तर बाई पाहुण्याला बरं वाटेल तेच सांगते. हे आकडे उतरते असतील तर खरेदीदाराला तुम्ही स्वतः, आधी सांगा. मी ज्या विकासकांना असं करताना पाहिलंय त्यांचे करार कमी क्रेडिटवर पुन्हा लिहिले गेले, पण तुटले नाहीत.

आणि प्रत्येक घटकासमोर एक रकाना वाढवा: हा आकडा कुठून आला, तो कोणत्या परिस्थितीत खरा आहे, आणि ती परिस्थिती बदलली हे आपल्याला कशावरून कळेल. हा रकाना भरलेला असेल तर पुढची सुधारणा जाहीर होईल तेव्हा मसुद्याच्या शंभर पानांतल्या कोणत्या तीन ओळी तुमच्यासाठी आहेत हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सापडेल.